तोंडावर फिरवायचं यंत्र

आई, येत्या गुरुवारी माझं लग्न आहे. हे ऐकून तू आधी हसली असतीस, मग पदराचं टोक डोळ्यांना लावलं असतंस, आणि मग विचारलं असतंस की मुलगा काय करतो. तर मुलगा पंचेचाळिशीचा आहे. धारवाडला एका कॉलेजात हेडक्लार्क आहेत, पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दर रविवारी रायापूरच्या रस्त्याची सगळी धूळ कोटावर घेऊन बसमधून हुबळीला उतरतात आणि आधी आमच्या दारातल्या नळावर तोंड धुतात, मगच आत येतात. मी चाळीस वर्षांची, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत मुलींना गणित शिकवणारी बाई. पण गेले चार दिवस माझं गणितात लक्ष नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरीच उतावळी झाली आहे. सकाळी उठले की आरशापुढे उभी राहते, डोळ्यांच्या कडेच्या रेघा पाहते, गालाचं कातडं दोन बोटांनी वर ओढून पाहते आणि सोडून देते. आज असं करता करता एकदम तुझी आठवण आली. तूही अशीच गाल ओढून बघायचीस, त्या वर्षी, अप्पा आफ्रिकेतून यायचे होते तेव्हा.

अप्पा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. इथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते ते तिकडच्या रेल्वेत गेले, तीन वर्षांत येतो म्हणाले, आणि मधे लढाई लागली. लढाई संपली तरी रजा मिळेना. येता येता नऊ वर्षं झाली. दर पत्रात शेवटी एक ओळ ठरलेली असायची, की निघण्याआधी काढलेला फोटो रोज बघतो. पत्र मी तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती ओळ आली की आत्या खाकरायची आणि तू चुलीत उगीच लाकूड सरकवायचीस. शेवटी एकदा पत्र आलं की बोटीचं तिकीट मिळालं, दिवाळीच्या आत पोचतो. सगळं घर उड्या मारायला लागलं. तू मात्र त्या दिवशी माळ्यावरून आपल्याकडची त्या फोटोची प्रत काढलीस आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत बसलीस. फोटोतली बाई पंचविशीची होती, गाल भरलेले, कपाळ कोऱ्या पाटीसारखं. तू मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "खरं सांग, हीच का गं मी?" मी हो म्हणाले. खोटं बोलतेस, म्हणालीस. रागावली नव्हतीस, घाबरली होतीस. नऊ वर्षं ज्या माणसानं रोज हे तोंड पाहिलं, त्याच्यापुढे दुसरं तोंड घेऊन स्टेशनवर कसं उभं राहायचं, एवढीच तुला भीती होती.

मग ते यंत्र आलं. कारखान्याचे साहेब लोक विलायतेला परत जायचे तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा, आणि जुन्या हुबळीतल्या निम्म्या घरांत त्यांच्या खुर्च्या, कंदील, काचेच्या बरण्या आहेत त्या तिथूनच आलेल्या. शेजारच्या अक्कांबरोबर तू एका लिलावाला लोखंडी ट्रंक आणायला गेलीस, अप्पांचे कपडे ठेवायला. आणि परत आलीस ती मखमली पेटी छातीशी धरून. पेटीत पितळेचं चकाकणारं यंत्र. एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं हँडल फिरवायचं, की पुढे बसवलेली रबराची वाटी थरथर कापायला लागायची. आत्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि लोणी काढायचं दिसतंय म्हणून निर्वाळा दिला. पेटीत एक पुस्तिका होती, तीत मडमेच्या तोंडाचं चित्र आणि तोंडभर बाण. मी तेव्हा इंग्रजी शिकायला नुकती लागले होते. अडखळत वाचून सांगितलं की हे तोंडाला लावायचं, म्हणजे वय दिसत नाही. तू पेटी बंद केलीस, पुन्हा उघडलीस. तुझ्या तोंडावर जत्रेत पाळण्यात बसायला निघालेल्या पोरीचा आनंद होता. तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आणि पहिल्याच दिवशी आपण काय करून ठेवलं! पुस्तिकेत क्रीम लावा असं होतं. ते क्रीम काय असतं ते आपल्याला कुठे ठाऊक. तोंड उजळायचं म्हणजे उटणं, हे आपलं जन्माचं ज्ञान. तू मसुरीचं पीठ, हळद, संत्र्याची साल असं जाडसर उटणं कालवलंस, तोंडाला थापलंस, आणि मी त्यावर ते यंत्र दाबून धरून जात्यासारखं गरागरा फिरवलं. दिवाळीच्या अभ्यंगाला जितकं खसखसून चोळावं तितकं पुण्य, तसंच हेही असेल असं वाटलं. तू दात आवळून बसलीस आणि आणखी जोरात म्हणत राहिलीस. तोंड धुतल्यावर दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झाले होते, हनुवटीवर सालटं निघालं होतं. यंत्र लोण्याचंच, हे आपलं म्हणणं खरं झालं म्हणून आत्यानं देवाला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी अक्का दही मागायला आल्या, पदराआडचं तोंड त्यांनी पाहिलंच. हनुवटी हातात धरून कन्नडमधून म्हणाल्या, "इष्ट जोर याकरी?" एवढा जोर कशाला, इतकंच. मग घरी जाऊन ताजं लोणी घेऊन आल्या आणि स्वतःच्या बोटांनी तुझ्या गालांना लावलं. तू रडत होतीस. बोट मुंबईकडे निघालेली आणि तोंड हे असं.

सालटं भरून येईपर्यंत यंत्र पेटीत राहिलं. मला वाटलं संपलं. पण एका सकाळी तू ज्वारीची भाकरी थापत होतीस आणि थापता थापता थांबलीस. मला म्हणालीस, "भाकरी वाढती कशी गं? दाबून न्हवं. थोपटत, मधनं कडंला न्यायची." भाकरी तव्यावर टाकायची राहिली, तू पीठभरल्या हातांनी पुस्तिका उघडायला लावलीस. चित्रातले बाण तू पहिल्यांदाच नीट पाहिलेस. सगळे मधून कडेला आणि खालून वर निघाले होते. डोळ्यांभोवती एकही बाण नव्हता. तू अशी हसलीस की आत्या देवघरातून बाहेर आली.

मग आपलं खरं शिक्षण सुरू झालं, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे दिवस आहेत. दुपारची भांडी झाली की तू कोमट पाण्यानं तोंड धुवायचीस, उटणं नाही, साबण नाही. ओलं तोंड टिपून थोडं लोणी नाहीतर खोबरेल लावायचीस, रबर सरकेल एवढंच. चटईवर आडवी व्हायचीस, डोकं माझ्या मांडीवर. हनुवटीपासून कानाकडे, नाकाच्या कडेनं कानशिलाकडे, भुवयांच्या मधून केसांकडे. वाटी नुसती टेकवायची, दाबायची नाही. डोळ्यांखाली यंत्र नको, तिथे नुसतं करंगळीनं तेल. एका जागी थांबायचं नाही. गाल गुलाबी झाला की पुरे, लाल होऊ द्यायचा नाही. मला चेव यायचा, अजून थोडं करू म्हणायचे, आणि तू अति तिथं माती म्हणून हँडल धरून ठेवायचीस. रोज थोडं, पण रोज. तोंडावर पुळी दिसली की त्या दिवशी सुट्टी. शेवटी माठातलं गार पाणी. आज माझ्या शाळेतल्या नव्या मास्तरणी मासिकांतून नवी नवी यंत्रं आणि मलमं दाखवतात, आणि सांगतात ते सगळं हेच असतं. फक्त त्या म्हणतात की रेघा पुसून जातात. तू एकदा आरशात नीट बघितलंस, वळलीस आणि म्हणालीस, "रेघ जात न्हाई गं. पण रेघंवरचा शीण जातोय बघ." खरंच तसं होत होतं. रेघा होत्या तिथेच होत्या. कपाळ मात्र सैल झालं होतं, कातडीला तजेला आला होता, आणि तू अंगणात गुणगुणायला लागली होतीस. मला वाटतं निम्मं काम तेला-रबराचं असेल आणि निम्मं त्या डोळे मिटून पडण्याचं. त्याआधी दिवसाउजेडी तुला आडवी झालेली मी आजारपणाशिवाय पाहिली नव्हती.

आत्याचं सांगायलाच हवं. या वयात थेरं कशाला, लोक तोंडात शेण घालतील, असं ती रोज म्हणायची, पण म्हणायला अगदी त्याच वेळेला चटईशेजारी येऊन बसायची. एके दिवशी तिनं गुडघाच पुढे केला. तोंडाला नको हो, विधवा बाईला काय करायचंय तोंड, पण गुडघा दुखतो, म्हणाली. मी गुडघ्यावर यंत्र फिरवलं. आत्यानं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं, आता कपाळावर लाव, डोकं पण दुखतंय, म्हणाली. तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस.

अप्पा आले तो दिवस माझ्यासमोर आत्ताही चालू आहे. आपण हुबळी स्टेशनवर उभ्या आहोत. तू हिरवं इरकल नेसली आहेस, दंडावरून पदर पुन्हा पुन्हा ओढते आहेस. गाडी लोंढ्याकडून येते आहे, तू माझा हात इतका घट्ट धरला आहेस की बांगड्या रुतताहेत. सकाळी आरशापुढून उठताना तू मला हळूच विचारलं होतंस की वळखतील न्हवं, आणि मी एवढंसं तोंड करून मान हलवली होती. गाडी थांबते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक वाकलेला, काळवंडलेला माणूस उतरतो. गालफडं बसलेली, पण केस आणि मिशा काजळासारख्या काळ्याभोर. तो इकडेतिकडे बघतो, आपल्याला बघतो, आणि तिथेच थांबतो. पुढे यायला घाबरतो आहे हे मला, चौदा वर्षांच्या पोरीलाही, कळतं. तूच पुढे जातेस. ऑक्टोबरचं ऊन आहे, त्याच्या कानामागून घामाची काळी धार कॉलरवर उतरली आहे. तू ती बघतेस. नऊ वर्षांनी नवऱ्याशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य काय असावं! "कलप लावलाय व्हय तुम्ही?"

अप्पांनी कॉलर हातानं झाकली. म्हणाले, "बोटीवर लावला. तू तो फोटो बघत असशील. त्यात मी पण हाय न्हवं."

आई, तुझा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या दिवसांत तुला एकदाही सुचलं नव्हतं की त्या फोटोत दोन माणसं आहेत. तू हसायला लागलीस, ट्रंका उतरवणारे हमाल बघत राहिले, अप्पाही हसले आणि हसता हसता त्यांनी तुझ्याकडे नीट पाहिलं, म्हणजे पाहिलंच. बरी दिसतेस, एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत तुझे कान लाल होते.

मला वाटलं होतं आता यंत्र पेटीत जाईल, काम झालं. तसं झालं नाही. चार-आठ दिवसांनी मी शाळेतून आले तर माजघरात चटई होती, तू डोळे मिटून पडली होतीस आणि अप्पा मांडी घालून हँडल फिरवत होते. कारखान्यातला माणूस, त्याला आतल्या चक्राचे दात कुठे अडकतात ते लगेच कळलं होतं, त्यांनी आत तेल घातलं होतं. हात हलका ठेवा, असं तू त्यांना सांगत होतीस आणि ते बरं बरं म्हणत होते. मला बघून दोघं दचकला नाहीत. मी चपला न वाजवता अक्कांकडे गेले. पुढे तुम्हा दोघांना मिळाली ती वर्षं फार नव्हती, पण ती दुपारची वेळ तुम्ही बहुतेक कधी चुकवली नाही. केस त्यांनी पांढरे होऊ दिले. रेघा तुझ्याही वाढल्या. त्या माणसाचा हात तुझ्या गालावरून फिरत होता, एवढं मी पाहिलं, आणि लग्न म्हणजे काय हे मला त्याच वेळी कळलं असावं, म्हणून इतकी वर्षं कुठल्याच स्थळाला हो म्हणता आलं नाही.

काल मी लॅमिंग्टन रोडवर बांगड्या भरायला गेले होते. शेजारच्या दुकानात विजेवरचं नवं यंत्र आलं आहे. दुकानदार सांगत होता, बटण दाबा, काही फिरवायला नको, कुणाची मदत नको, बाईनं एकटीनं खोली लावून घेऊन करावं. मी पाहिलं आणि नको म्हणून आले. तुझी पेटी काढली. पितळ काळं पडलं होतं, रबर विरून गेलं होतं. सायकलवाल्याकडून ट्यूबची वाटी कापून बसवून घेतली, आत तेल घातलं. चालतं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते पेटीतच राहील. परवा धारवाडहून आले तेव्हा त्यांनी विचारलं की माहेरून काय काय सामान येणार आहे, टांगा किती मोठा सांगू. मी म्हणाले एक ट्रंक, पुस्तकं आणि एक छोटी मखमली पेटी. पेटीत काय आहे, म्हणाले. मी म्हणाले, आईचं आहे. हँडल त्यांनी फिरवायचं आहे, हे सांगायचं मात्र मला अजून धाडस झालेलं नाही.