मशीन सापडत नाही

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (विचारायची माझी रीत नाही, पण विचारणारी गेली, आता मलाच विचारायला हवं.) माझे गुडघे जिथल्या तिथे कुरकुरताहेत.

पत्रास कारण, तुझ्या वहिनीचं भरतकामाचं मशीन बोलेनासं झालंय. ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची नि केबलमधून ती मशीनला पोचायची, हे तुला ठाऊकच आहे. तूच सगळं बसवून दिलं होतंस. तुझ्या लेकीच्या बाळाचं दुपटं मशीनवर अर्धंच राहिलंय. सशाचा एक कान झालाय, दुसरा नाही. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी खोली आवरायला घेतली (तुला हसू येईल, येऊ दे खुशाल). कॉम्प्युटरच्या मागे एका पोर्टापाशी तिने लाल दोरा चिकटवला होता. हा काय पसारा, म्हणून मी तो ओढून फेकला, केबल काढून पुसली नि परत लावली. झालं! तेव्हापासून प्रोग्रामचा एकच घोषा, 'मशीन सापडत नाही'. अरे, मशीन समोर हिरवा दिवा लावून बसलंय! मी बोटाने दाखवलंसुद्धा. ड्रायव्हर (म्हणजे त्या दोघांमधला निरोप्या) चार वेळा काढून घातला. पाचव्यांदा चुकून प्रिंटरचा काढला, आता तोही मुका.

शेवटी मेकॅनिक आला. म्हणाला, "काका, ड्रायव्हर ठणठणीत आहे. तुम्ही केबल भलत्याच पोर्टात घातलीत, मशीनचा नंबर बदलला. प्रोग्राम अजून जुन्या नंबरावर हाका मारतोय." म्हणजे तो दोरा खूण होती. बत्तीस वर्षं संसार केला नि मला तिची एक खूण कळू नये! त्याच्यासमोरच रडलो रे मी. बिचारा चहा न घेताच गेला. सहा पोर्टांतलं तिचं कुठलं, ते म्हणे त्यालाही सापडलं नाही.

बाबांच्या कपाटावरून आपण पाच वर्षं बोललो नाही, तरी मला तुझी कंबर माहीत नि तुला माझे गुडघे. निरोप तीच पोचवायची. तुझ्या शिव्या माझ्यापर्यंत 'भावजींनी नमस्कार सांगितलाय' अशा यायच्या. माझ्याही तशाच पोचल्या असतील.

तेव्हा सवडीने येऊन मशीन बघून जा.

तुझा,
थोरला

ता. क. येताना प्रिंटरचा ड्रायव्हर आण.

ता. क. पोर्ट सापडलं नाही, हे खोटं. मेकॅनिकने मंगळवारीच केबल जागेवर लावली. पडद्यावर तेव्हापासून 'पुढे चालू करू?' असं विचारतंय. बटण दाबलं की दहा मिनिटांत कान होईल, नि तिचं काम संपेल. मला एकट्याला ते दाबवत नाही. ये.