मामाला आणू नकोस

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र परवाच मिळालं. इकडे सगळं ठीक. खोकला कमी आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी. प्रदर्शन बरं चाललंय. लोक आपल्या बेटाच्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहतात.

मामा बघायला यायचं म्हणतोय आणि त्याने आत्तापासूनच सदरा इस्त्री करून ठेवलाय, असं तू लिहिलंस. ताई, त्याला नको आणूस. बोटीत त्याला त्रास होईल, गुडघे दुखतात, इथे जिने फार आहेत.

जिने नाहीत. दालन तळमजल्यावरच आहे.

आता काय ते सांगतो, शिव्या मागून घाल. आत शिरताच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘माझे पहिले गुरू, होड्या रंगवणारे माझे मामा, यांच्या स्मृतीस.’ मामाला तू ओळखतेसच. पाटी दिसली की तो थांबणार, अक्षरांची वळणं तपासणार आणि मोठ्याने वाचणार.

झालं असं की गेल्या महिन्यात एक पत्रकार बाई आल्या होत्या. हा करडा-हिरवा रंग तुम्हाला कुठे सापडला, म्हणाल्या. मी धुक्याबद्दल बोललो, खडकांवरच्या शेवाळाबद्दल बोललो. डब्याबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी उरलेसुरले सगळे रंग मामा एका डब्यात ओतायचा, काठीने ढवळत बसायचा, मनासारखा झाला की त्या रंगाने होडीची आतली बाजू रंगवायचा. आत कोण बघतंय, असं मी एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, “आत बसणारा दिवसभर तेच बघतो, बाळा.” माझी सगळी चित्रं त्या डब्यातून निघालीत. बेट माझ्या डोळ्यांसमोर होतंच, पण बघायला त्याने शिकवलं.

मग बाईंनी विचारलं, गुरू कोण? मामा बेटावर आहे म्हटलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी तिकडे पोचल्या असत्या, आणि त्याने हौसेने डबा उघडून दाखवला असता. मी म्हणालो, “होड्या रंगवणारे माझे मामा. ते आता नाहीत.” बाईंचे डोळे भरून आले. आयोजकांनी ते छापून आलेलं वाचलं आणि भिंतीवर चढवलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. जिभेला हाड नाही असं तू मला नेहमी म्हणतेस. पाठीला कणाही नाही, हे मला आता कळलं. जिवंत माणसाला मारलं गं मी, तेही एका रंगापायी.

ती ओळ मी अजून पुसलेली नाही. गुपचूप पुसली तर त्याला कळणारही नाही आणि मी अलगद सुटेन. तेव्हा हे पत्र त्याच्याच हातात दे. माझी बाजू घेऊ नकोस. वाचून झाल्यावरही त्याला यावंसं वाटलं, तर मी धक्क्यावर उभा असेन. नाही वाटलं, तरी रोज उभा असेन.

तुझा भाऊ,
आणि मामा अजून म्हणू देत असेल, तर त्याचा शिष्य