पन्नासावी सही

प्रिय लिडी,

सकाळी दरीत उतरलेलं धुकं अजून हललेलं नाही. मेपलच्या झाडांचा रस आटवायच्या झोपडीत बसून तुला लिहितो आहे. हंगाम संपून महिना झाला, कढया घासून पालथ्या घातल्या, तरी इथल्या लाकडाला मेपलच्या पाकाचा वास आहेच. डोळे मिटले की वाफ दिसते, आणि त्या वाफेत तुझी आई झारा हातात घेऊन उभी असते. मला बरं वाटतं, म्हणून जरा जास्तच बसतो इथे. एल्विन टटल परवा म्हणाला, "आल्डन, तू मुक्कामच हलव झोपडीत. निदान घर तरी झाडावं लागणार नाही."

तू पाठवलेला उमेदवारीचा कागद घेऊन दोन आठवडे दारोदार हिंडलो. निवडणुकीला उभं राहायला लागतात त्या पन्नास सह्या तू डोंगरापलीकडे, याच मतदारसंघातल्या तुझ्या गावात सहज जमवल्या असत्यास. पण तुला त्या इथूनच हव्या होत्या, कारण आठ वर्षांपूर्वी तुला हरवलं ते याच गावानं. एकोणपन्नास झाल्या. पन्नासावी ओळ मी माझ्यासाठी ठेवली होती आणि ती अजून रिकामी आहे. एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिथे नाव लिहायला माझा हात उठत नाही, आणि सांगितल्यावर तू लिहू देशील की नाही, कोण जाणे.

यंदा नोव्हेंबरात गव्हर्नरपासून खजिनदारापर्यंत सगळ्या राज्याच्या निवडणुका आहेत, पण इथे बोलणं चालतं ते विधानसभेतल्या आपल्या एका खुर्चीचं. पुलाजवळचा हायरम म्हणाला, "गव्हर्नर कुणी का होईना, त्याला माझ्या दारातला खड्डा दिसणार आहे का? लिडीला दिसेल. लहानपणी सायकलवरून त्यातच पडली होती ती." पहिली सही एल्विनची आहे, हे तुला कागदावर दिसेलच. तीस वर्षं ती खुर्ची सांभाळली, तुला हरवून सांभाळली, आता गुडघे गेले. व्हरांड्यात उभ्यानं सही केली आणि म्हणाला, "पोरीला सांग, खुर्चीचा डावा पाय जरा डुगडुगतो."

तो निकाल आठवतो? एक हजार बारा आणि एक हजार अकरा. फेरमोजणीतही तेच आकडे. नंतरचा तो आठवडा मला अजून स्वप्नात दिसतो. आपल्या दाराशी माणसांची रीघ लागली होती, जणू घरात कुणी गेलंय. कुणी हरणांच्या मागे रानात राहिला होता, कुणाची गाडी चिखलात रुतली होती. प्रत्येकाला वाटत होतं, ते एक मत माझंच. म्हाताऱ्या मर्सी कॉबनं तर चष्मा विसरल्यामुळे भलत्याच नावापुढे खूण केल्याचं कबूल केलं, आणि मरेपर्यंत दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला प्रायश्चित्त म्हणून ॲपल पाय भाजून आणून दिला. तू तिला म्हणायचीस, "अहो आजी, पुरे आता, माझं वजन वाढलं." मी समोर बसून त्यातला तुकडा खायचो, आणि मूग गिळून गप्प राहायचो. तू मात्र त्याच हिवाळ्यात पलीकडे राहायला गेलीस. थँक्सगिव्हिंगला येतेस, ताटं धुतेस, जातेस. रस उतरायला लागला की मी रस्त्याकडे बघतो.

आता त्याच वर्षाचा जानेवारी. तू तेव्हा शहरात शिकवत होतीस, आई शेवटच्या आजारात होती. दर दोन दिवसांनी तिला दवाखान्यात न्यावं लागायचं आणि बर्फ कमरेइतका. एल्विन रोज पहाटे यायचा आणि आमचा रस्ता मोकळा करून, चहालासुद्धा न थांबता जायचा. एकदा मी त्याला गाठलंच. पैसे काढले तर तो रागावला. मग मी हात पुढे केला आणि म्हणालो, "नोव्हेंबरात तुझ्यासमोर कुणीही उभं राहो, माझं मत तुला." त्यानं हात मिळवला. मार्चमध्ये आई गेली. तू घरी परत आलीस, आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून सांगितलंस, की तू उभी राहणार आहेस.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुझ्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून पहिल्यांदा हसू होतं. एल्विनकडे जाऊन शब्द परत मागावा, असंही वाटलं, पण मागणं म्हणजे मोडणंच. मतदानाच्या दिवशी पडद्याआड मी इतका वेळ उभा राहिलो की बाहेरून कुणीतरी खाकरलं. मग त्याच्या नावापुढे खूण केली. मला वाटलं होतं, तू शे-दोनशे मतांनी जिंकशील आणि माझं हे एक मत कुठल्या कुठे विरघळून जाईल.

सही घ्यायला गेलो तेव्हा एल्विनला हे सांगितलं. त्यानं पेन माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाला, "वेड्या, मागितला असतास तर दिला असता शब्द परत." आणि वर, "पण मागितला असतास, तर तू आल्डन कसला."

लिडी, ते मत मर्सीचं नव्हतं, रानात राहिलेल्याचं नव्हतं, गावाचं तर नव्हतंच. गावाला तू हवी होतीस. आठ वर्षं तू ज्या गावावर रुसलीस, त्याच्या आड मी लपलो होतो, आणि याची मला लाज वाटते. कागद गुरुवारपर्यंत द्यायचा आहे. बुधवारी ये. पन्नासावी ओळ मर्सीच्या मुलाला द्यावीशी वाटली तर तो तयार आहे, मी त्याला विचारून ठेवलं आहे. मला दिलीस, तर पेन खिशातच आहे. काहीही ठरव, पण एवढं ऐकून ठरव. या वर्षी मी कुणालाही शब्द दिलेला नाही.

तुझाच, धुक्यात रस्त्याकडे बघत बसलेला,
बाबा