लैलाबाईंच्या फुटक्या बशा

खैतान, कुवेत
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय वीणाताई,

तुम्हाला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे आता हवा निवळली आहे, एसीशिवाय झोपता येतं. आमच्या मजल्यावरचे शशिकांत उद्या नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. फोनवर तुमच्या शेजारी आई असतात आणि तुम्ही स्पीकर लावता, म्हणून पत्र. आधी एकटीने वाचा.

ओवीची परीक्षा पार पडली. माझं कामही चालू आहे. तुम्ही मागे विचारलं होतंत, त्या लैलाबाईंकडे तू नक्की करतेस तरी काय? फोनवर राहूनच गेलं.

त्यांच्या नवऱ्याला जुन्या चिनी बशांचा नाद होता. बशा घडल्या चीनमध्ये, जहाजाने लंडनला गेल्या, त्याही जवळजवळ कोऱ्या. तिथल्या कारखान्यांतल्या रंगाऱ्यांनी त्यांच्यावर मिन्याचे रंग चढवून त्या लहान भट्टीत पुन्हा भाजल्या. अडीचशे वर्षं होऊन गेली त्याला. बहुतेकींवर पक्षी आहेत, पिसं विस्कटलेले, वादळातून आल्यासारखे. नव्वद साली इराकी सैनिक घरात शिरले. त्यांनी कपाटं उलथली आणि लैलाबाईंच्या नवऱ्याला घेऊन गेले. फुटलेलं सगळं लैलाबाईंनी स्वतः झाडून एका लाकडी खोक्यात भरलं. तो खोका उपसून त्या बशा आता मी पुन्हा जोडते आहे. कुठला तुकडा कुठल्या बशीचा, हे पांढऱ्यावरून कळत नाही, चीनचं पांढरं सगळं सारखंच दिसतं. कळतं ते लंडनच्या रंगावरून. एकाचा लाल विटकरी, दुसऱ्याचा किरमिजी. कुणी पंखाच्या टोकाला कुंचला झटकन उचलतो, कुणी रेंगाळतो. मुंबईच्या संग्रहालयात शिकलेलं लग्नानंतर इतक्या वर्षांनी कामी आलं.

मी उगाच लांबण लावते आहे, ते मलाही कळतंय.

एप्रिलमध्ये धैर्यशील होता ती कंपनीची बोट उलटली, तेव्हापासून मी तुम्हाला सांगत आले की शोध चालू आहे. शोध जूनमध्येच थांबला होता. मग ऑगस्टमध्ये एका बेटाच्या किनाऱ्याला एक देह लागला. ओळखावं असं काही उरलं नव्हतं. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब अशरफ घरी आला. इजिप्तचा आहे, भला माणूस. म्हणाला, “मॅडम, मुलीचं थोडं रक्त द्या, म्हणजे कळेल.”

मी म्हटलं, “ते आमचे नाहीत.”

“तेच तर तपासायचं आहे.”

मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. नंतर त्याचे फोन घेणं सोडलं. धैर्यशील परतेपर्यंत आईंनी भात सोडलाय असं तुम्ही सांगायचात, तेव्हा मला बरं वाटायचं वीणाताई. आणखी कुणीतरी आपल्यासारखंच वाट बघतंय, असं.

लैलाबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ओवीने सांगितलं. मला घ्यायला ती गाडी घेऊन येते, तेव्हा दोघी ओट्यावर बसून बोलायच्या. एका दुपारी लैलाबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. वडिलांच्या धंद्यामुळे त्यांचं लहानपण मुंबईत गेलं, अजून माझ्याशी तिथलीच हिंदी बोलतात. पण तुम्हाला मराठीतच सांगते.

“माझ्याही मुलाचं रक्त मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी देऊ दिलं नाही. कितीतरी वर्षं. मला वाटायचं, रक्त दिलं की मीच माझ्या नवऱ्याला मारलं.”

“मग?”

“मग मुलाने एक दिवस मला न विचारता दिलं. नवरा केव्हाच सापडला होता. नंबर लावलेल्या पिशवीत पडून होता. मी इकडे रोज त्याचं अंथरूण घालत होते.”

मी हातातला तुकडा खाली ठेवला. म्हटलं, “लैलाबाई, तो धैर्यशील नाही.”

“नसेल तर दुसऱ्या कुणा बाईचा असेल. तीही बसली असेल वाट बघत.”

मी पर्स उचलली आणि निघाले. पुढे बरेच दिवस कामावर गेलेच नाही.

त्या दिवसांतच एकदा जेवताना ओवी म्हणाली, “आई, आय ऑलरेडी गेव्ह इट. लैला आंटी केम विथ मी.” मी हात उगारला तिच्यावर. आजवर कधी उगारला नव्हता. ती हलली नाही. मराठीत म्हणाली, “बाबाला तिथे एकट्याला नाही ठेवायचं मला.” माझा हात तसाच खाली आला. ताटं तिथेच राहिली आमची.

गुरुवारी अशरफ आला. बसा म्हटलं तर बसला नाही. त्यावरूनच मी ओळखलं.

तो धैर्यशीलच आहे, वीणाताई.

मला रडू आलं नाही. काय करावं सुचेना, म्हणून लैलाबाईंकडे गेले. त्यांनी जवळ घेतलं, मग समोर खुर्ची ओढून बसल्या. मी तुकडे जुळवत राहिले, त्या एकेक पुसून माझ्या हातात देत राहिल्या. बाहेर अंधारलं तेव्हा म्हणाल्या, “जा आता घरी. पोरगी एकटी आहे.” टॅक्सीत बसल्यावर आलं रडू. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि तो खाली उतरून उभा राहिला.

आईंना तुम्हीच सांगा. मला जमणार नाही. चेहरा बघायचा म्हणतील, पण शवपेटी सील केलेली असेल, ती उघडू द्यायची नाही. भाऊजींना हे नीट समजावा. घड्याळ, अंगठी, काहीही मिळालेलं नाही. हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या मागत राहतील.

शनिवारी पहाटे मुंबईला उतरतो आहोत. भाऊजींनी कार्गोच्या फाटकाशी यावं. प्रवाशांच्या दारातून फक्त मी आणि ओवी बाहेर येऊ.

तुमच्या दिराला घेऊन निघालेली,
सुनेत्रा