एकशेचाळीस कोयत्यांची निवड

२ फेब्रुवारी, सकाळी ७
नवी वही. यात फक्त मोजमापं. मतं, भावना, घरातल्या कटकटी नाहीत.

गावची शेतकरी संस्था सभासदांसाठी एकशेचाळीस स्वस्त कोयते घेणार आहे. निवड माझ्याकडे. ती बरोबर ठरली तर माझी तीन महिन्यांची नेमणूक कायम होईल, असं अध्यक्षा एस्नेदाबाई म्हणाल्या. गावात धातुशास्त्र शिकलेली मी एकटीच. अडचण येण्याचं कारण नाही.

धाकटा भाऊ दूबान म्हणाला, ताई, सगळ्यात भारी कुठला ते मला आधी सांग. सतरा तारखेला बाळ येशूच्या जत्रेत एल्कीन लुकुमीशी कोयत्यानेच निकाल लावायचाय. भांडण बांधावरच्या अकरा केळींचं, एल्कीनने तोडल्या त्यांचं. आई रडत होती. मी तिला सांगितलं, पातं उत्तम असलं की पोरगा सुखरूप घरी येतो. उत्तम पातं शोधणं हे माझं कामच आहे.

दूबानचा आणि निवडीचा संबंध नाही. हे नोंदवून ठेवते.

३ फेब्रुवारी
काली शहरातल्या तंत्रशाळेत कोयत्यांच्या तिन्ही नमुन्यांची कठिणता मोजली. क: ४७. ख: ५२. ग: ६०. साठ! या किमतीत! विषय संपला.

संध्याकाळी एलादिओमामा आले. अर्ध्या गावाला कोयता खेळायला त्यांनीच शिकवलंय. त्यांनी ग गुडघ्यावर दाबून पाहिला. वाकेना. कानस ओढली, ती घसरली. म्हणाले, पोरी, ही काच आहे. मी त्यांना आकडा दाखवला. ते म्हणाले, आकड्याला ऊस तोडता येतो का? मामांचं वय एक्क्याऐंशी. वाद घातला नाही.

५ फेब्रुवारी
सकाळी आमच्या दारावर तीन घाव दिसले. एल्कीनचे. सगळ्यात खोल चार सेंमी. लाकूड ओलं होतं हे लक्षात घ्यावं. एका घावाची कड वळलेली, म्हणजे पातं मऊ. ही माहिती उपयोगाची आहे. आई म्हणाली, फुटपट्टी ठेव खाली आणि भावाला आवर.

दूबानशी बोलायचं ठरवलं. उद्या.

७ फेब्रुवारी
बोलणं राहिलं. दरम्यान दूबानने एल्कीनच्या डुकराचं शेपूट तोडलं. एल्कीनची आई नीदियामावशी शेपूट हातात घेऊनच अंगणात आल्या आणि ओरडल्या, डुकराने काय केळी तोडल्या होत्या का रे, मेल्या? हिंमत असेल तर ये माझ्या पोरासमोर! मग स्वतःच घाबरून म्हणाल्या, नको, येऊ नकोस.

मी शेपूट तपासलं. एका घावात तुटलंय, काप स्वच्छ. तसं बोलून दाखवलं. मावशींनी ते माझ्या वहीवर फेकलं. या पानावरचा डाग त्याचा.

१० फेब्रुवारी
माल आला. एकशेचाळीस ग. देखणे. नवं पातं बिनधारेचंच येतं. ज्याची त्याने कानशीने लावायची. दिवसभर संस्थेच्या अंगणात माणसं घासत बसली होती. एकाचीही धार लागली नाही. एक जण म्हणाला, बाई, याच्यावर कानसच धारदार व्हायला लागली.

शेरा: गावातल्या कानशी निकृष्ट. चांगल्या मागवाव्यात.

१२ फेब्रुवारी
कालव्यावर दोघं समोरासमोर आले. एल्कीनच्या जुन्या कोयत्याचा घाव दूबानच्या हातावर. सात टाके. खोली अंदाजे आठ मिलिमीटर. नर्सने मोजू दिली नाही. म्हणाली, तुम्ही बहीण आहात की तलाठी?

दवाखान्यात टाक्यांचा आकडा तीनदा खोडून लिहावा लागला. तिथला पंखा फार जोरात होता.

दूबान टाके घालून घेताना हसत होता. म्हणाला, सतराला तुझं पातं माझ्या हातात असेल ना ताई, मग बघ. मी हो म्हटलं. साठ म्हणजे साठ.

१३ फेब्रुवारी
शेतात दगडावर आपटून एका ग चा टवका उडाला. तो कोयता चालवणाऱ्याच्याच पोटरीत घुसला. दुसरा मधोमध तुटला. तिसऱ्याचा तुकडा कोंबडीला लागला; कोंबडी गेली.

कारण: वापर चुकीचा. कोयता दगडावर मारू नये, अशी पाटी रंगवायला दिली.

१५ फेब्रुवारी
मोठी बातमी. काल मामा पारावर बसून माझ्या कोयत्यांची टिंगल करत होते. आज स्वतः गोदामात आले, नवे कोरे दोन ग उचलले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, दोघांची पाती सारखी असली पाहिजेत. सतराला याच दोन पात्यांनी भांडायचं. दुसरं हत्यार जो आणेल त्याने गुरू म्हणून माझं नाव सांगू नये.

शेवटी मामांना पटलं. पुराव्यापुढे कोणाचं चालत नाही. फक्त ते मला डोळा मारून का गेले, हे कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, दुपारी ३
संस्थेच्या ग्राइंडरवर दोन्ही पात्यांना मीच धार लावली. दूबानच्या पात्यावर तीन तास, एल्कीनच्या पात्यावर चाळीस मिनिटं. फरक केवळ योगायोगाने.

आई जेवली नाही. मीही नाही, भूक नव्हती.

१८ फेब्रुवारी
कालची निरीक्षणं. बाळ येशूची मिरवणूक देवळात पोचली, ढोल थांबले, माणसांनी गोल केला. पहिला घाव दूबानचा, एल्कीनने पात्यावर झेलला. दोन्ही पाती एकाच वेळी तुटली, मुठीपासून चार बोटांवर. दोघं मुठी धरून उभे. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आता काय चमच्यांनी मारणार का रे? मग दोघं हातांनी भिडले. एल्कीनचे दोन दात गेले. दूबानचं नाक मोडलं, कान चावला गेला. रक्त बरंच. पण सगळा गाव इतका हसत होता की त्यांना पुढे जमेना. शेवटी एकमेकांना टेकून बसले आणि धापा टाकत राहिले.

तुटलेल्या कडा तपासायच्या म्हणून मी गोलात धावत गेले. तुकडे तिथेच राहिले. दूबानचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याला मूर्ख, मूर्ख म्हणत होते, असं आई सांगते. मला आठवत नाही.

२० फेब्रुवारी
एकशेतीस कोयते परत आले. उरलेल्यांचे तुकडे आले. एस्नेदाबाईंनी पत्र दिलं: निवड पूर्णपणे चुकल्यामुळे नेमणूक या महिनाअखेर समाप्त. वाक्यरचना अचूक आहे.

दुपारी नीदियामावशी आल्या. सोबत भातावर घातलेला माशाचा रस्सा, झाकून. मला घट्ट धरलं आणि सोडेचनात. म्हणाल्या, पोरी, तुझ्याइतका वाईट कोयता निवडणारं माणूस सात गावांत मिळायची नाही; देव तुझं भलं करो. आई मागे उभी राहून मान डोलवत होती. मग आवाज खाली आणून मावशींनी विचारलं, माझा थोरला बंदूक घ्यायची म्हणतोय. निवडून देशील का?

मी हो म्हटलं.