नाव आणि हाक

आई, आज ऑफिसात मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. सहा वाजता सुटले ती थेट मांडवीच्या धक्क्यावर येऊन वही उघडून बसले आहे. तू जाऊन सहा वर्षं झाली, मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिलीच. पण हे तुलाच सांगायचं आहे.

आम्ही आंबेवाल्यांसाठी प्रोग्राम लिहितो. पेट्यांची यादी कधी वजनाने लावायची, कधी फळाच्या आकाराने. यादी लावणारा भाग एकच. तुलना कशी करायची ते सांगणारं काम, म्हणजे प्रोग्रामचाच नाव दिलेला छोटा तुकडा, त्याच्या हाती सोपवायचं. आमची प्रोग्रामची भाषा कडक आहे. कुठल्या जागी कसलं काम बसेल, ते काय घेईल आणि काय परत देईल, हे चालण्याआधीच तपासते. मी कामाचं नाव लिहून पुढे कंसात दोन पेट्या देत होते, आणि दोन दिवस पडद्यावर एकच उत्तर येत होतं: इथे नाव पाहिजे. अगं, नावच तर दिलंय! शेवटी ऑफिसातले सर मागून म्हणाले, "नाव कुठे दिलंस? तू तर हाक मारलीस. कंस लावला की काम तिथल्या तिथे होतं, हाती नुसता निकाल उरतो." कंस काढला. चाललं!

आणि रेशनची रांग आठवली. मी दहावीत आहे. खिडकीतला कारकून विचारतो, "नवऱ्याचं नाव?" तू पदर सावरतेस, मला कोपराने ढोसतेस. "सांग गो." बाबा तेव्हा बोटीवर खलाशी. मी मुद्दाम मोठ्याने म्हणते, "आई, नुसतं नाव सांगायचंय, हाक नाय मारायचीय!" रांग हसते. मागची भाभी म्हणते, "पोरगी वकील होणार हां तुझी!" तू हसत नाहीस. वाटेत म्हणालीस, "माझ्या तोंडून नाव गेलं तर ते वळून बघतील गो. दर्यावरच्या माणसाला कशाला मागं बघायला लावू?" मी तुला अडाणी म्हणाले. तो शब्द आज परत घेते. तुला हाकेचं वजन ठाऊक होतं. मी पदवीधर, दोन दिवस कंस लावत बसले.

मग सरांनी रिफ्लेक्शन दाखवलं. चालता प्रोग्राम स्वतःलाच विचारू शकतो, तुझ्यात कोणकोणती कामं आहेत? तो नावं सांगतो, आणि नुसत्या अक्षरांत लिहिलेल्या नावावरून ते काम शोधून करूनही घेता येतं. मात्र इथे आधी कुणी अडवत नाही. अक्षर चुकलं तर चालता चालताच तोंडघशी. सरांची पाठ वळल्यावर मी एक रिकामं काम लिहिलं, त्याला तुझं माहेरचं नाव दिलं, लग्नानंतर आपल्या घरात कुणी न उच्चारलेलं. प्रोग्रामकडे कामांची यादी मागितली. वजन, आकार, आणि तिसऱ्या ओळीत तू!

हे वहीतच राहणार आहे, म्हणून एक कबूल करते. निघताना त्या नावापुढे कंस लावून बघावासा वाटला. लावला नाही. एवढं शिकूनही वाटलं, तू वळून बघशील.