आईच्या अंत्यविधीचा शास्त्रपाठ

परमपूज्य पाळकसाहेब, अर्थात दादा,

उद्या आईच्या अंत्यविधीत बायबलमधला शास्त्रपाठ ताईने नव्हे, मी वाचावा, ही आपली आज्ञा. ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे वचन चर्चच्या परंपरेने अक्षरशः घ्यायचे म्हणता. ‘पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा’ इथे मात्र तीच परंपरा हस्तांदोलनावर भागवते. आपल्याला अडचणीची वचने सैल, ताईला अडचणीची घट्ट. हा योगायोग मला संशयास्पद वाटतो.

ताई म्हणाली, “आईच्या उशाशी वर्षभर मीच वाचत होते, तेव्हा कुठे होती रे तुमची परंपरा?”

पत्र धाडत नाही. धाडले तर आपण परंपरेला विचाराल, आणि ती नेहमी आपल्याच आवाजात उत्तर देते. उद्या आपण माझे नाव पुकाराल, तेव्हा ताई उठेल.

आजपर्यंत आपला आज्ञाधारक,
धाकटा